खालापूरचा रस्ता आणि तारांकित नैतिकता

जागतिकीकरण आणि देहव्यापार यांची चर्चा बहुधा बँकॉकला, फार तर कामाठीपुऱ्यात जाऊन थांबते. आपल्याकडचा एक धागा मात्र रायगडच्या अंतर्भागातून निघतो. महाराष्ट्रातील पहिले डान्सबार १९८०च्या दशकाच्या आरंभी खालापूर येथे सुरू झाले, असे सांगितले जाते. बोरघाटाच्या पायथ्याशी, ट्रक आणि मोटारी विसावतात अशा रस्त्यावर ते निघावेत यात नवल नाही. संगीतबारीची बैठक, हिंदी चित्रपटगीत आणि मद्यविक्रीचा परवाना यांचा हा संकर होता.

१९९१ नंतरच्या नव्या पैशाने तो मुंबई-पनवेल परिसरात फोफावला. नाचणाऱ्यांत नट, बेडिया, कोल्हाटी अशा, परंपरेने नृत्यावर जगणाऱ्या समाजांतील अनेक स्त्रिया होत्या. लावणीला अभ्यासक्रमात मानाचे पान देणाऱ्या आपल्याला या वारसदार मात्र कधी दिसल्या नाहीत.

मार्च २००५ मध्ये पनवेलचे आमदार विवेकानंद पाटील यांनी हा प्रश्न विधानसभेत मांडला. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन ती अमलातही आली. या दुरुस्तीतील अपवाद बारकाईने वाचण्यासारखे आहेत. तीन किंवा अधिक तारे असलेली हॉटेले, जिमखाने आणि चित्रपटगृहे यांना बंदीतून सूट होती. शिवाय पर्यटन धोरणास पोषक वाटतील अशा अन्य स्थळांनाही सूट देण्याचा अधिकार शासनाने राखून ठेवला होता. म्हणजे नृत्य अश्लील की सांस्कृतिक, हे प्रेक्षकाच्या खिशावरून ठरणार! (त्याच वर्षी कर्जतजवळ नितीन देसाई यांचा भव्य चित्रपट-स्टुडिओ उभा राहिला, हा योगायोगही बोलका आहे.) जागतिक भांडवलाचे आणि पर्यटकाचे स्वागत करणाऱ्या राज्याने संस्कृतिरक्षणाचे ओझे तेवढे सर्वांत दुबळ्या स्त्रीच्या डोक्यावर ठेवले.

मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. समतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा भंग, ही त्यामागील कारणे. सुमारे ७५,००० स्त्रियांचे काम गेले आणि त्यांपैकी अनेकींना पोटासाठी वेश्याव्यवसायात उतरावे लागले, याचीही न्यायालयाने नोंद घेतली. शोषणापासून वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यानेच शोषणाचे दार उघडले होते. बारमधील शोषण खरे नव्हते, असे नाही. पण त्यावर उपाय म्हणून कामाचे तास, सुरक्षितता, वेतन यांचा विचार झाला असता, तर या स्त्रिया कामगार ठरल्या असत्या. नेमके तेच मान्य नव्हते.

२०१४ मध्ये तारांकितांची सूट काढून बंदी पुन्हा आणली गेली. मग २०१६चा नवा कायदा आला. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील अनेक जाचक अटी रद्द केल्या. नोटा उधळण्यास मनाई राहिली, बक्षिसी देण्यास मुभा मिळाली. तमाशातील दौलतजादा तेवढी कायद्याच्या बाहेर राहिली.