घोड्याचा दाणा आणि आमची कोठी

डोंगरीच्या आमच्या गटात मे महिना आला की एक भांडण ठरलेलं. वाळवलेले बोंबील आणि जवळा आम्ही पावसाळ्यासाठी एकत्र साठवतो, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते. पण मेमध्ये घरोघरी लग्नं. मग कोणीतरी म्हणतेच, "थोडं आत्ता काढा ना गं!" यंदा तर दोघींनी बोलणंच सोडलं होतं.

तेव्हा आम्हाला शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवलं. साल १६७४, राज्याभिषेकाला महिनाही उरला नव्हता. अशा घाईतही महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पत्र धाडलं. लष्कराचा मुक्काम चिपळुणात पडला होता आणि पावसाळ्यासाठी दाभोळच्या सुभ्यात जमवलेला दाणा बराचसा त्यातच संपला होता. कारकुनांनी खटपट करून पुन्हा साठा केला. महाराज बजावतात, की तो मोजून वापरा. आत्ताच मन मानेल तसा उधळलात, तर ऐन पावसात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील, कोणी दाणे उचलेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. लोक गाव सोडतील आणि म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. जे लागेल ते बाजारातून विकत आणा.

पुढे आगीचं लिहिलं आहे. ते वाचून आम्ही थक्क झालो. रात्री दिवा जळता ठेवू नका, एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल! राजाला हे सुचलं. आपल्यातल्या किती जणी निजताना दिवा बघतात?

या फौजेची रीत सभासदाच्या बखरीत सापडते. आठ महिने बाहेर मुलूखगिरी, पावसाळ्यात छावणी. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा सरकारी. पंचवीस घोड्यांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय आधीच करून ठेवलेली. फौजेबरोबर बायका न्यायच्या नाहीत, असाही नियम होता. मग भाकरी कोण थापत होतं? शिपाईच, आणखी कोण!

दूर रोमच्या सैन्यातही हीच गत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे आठ शिपाई एका तंबूत राहत. त्यांच्यात मिळून एक जातं असे, गहू तेच दळत. जेवणाकपड्याचे पैसे पगारातून कापून घेत. आपल्या कर्जाच्या हप्त्यासारखंच म्हणा ना.

आपल्या चौकच्या धारावी किल्ल्यावर मुलांना घेऊन जाता ना? वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी तो घेतला. त्या मे महिन्यात वसईही पडली. आम्ही तिथे उभ्या राहिलो, की तोफांपेक्षा त्या माणसांच्या शिदोरीचाच विचार मनात येतो. इतक्या तोंडांना रोज दाणा कुठून पुरला असेल?

बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. लग्नघराला दोन किलो द्यायचे, वहीत लिहून, आणि बाकीच्याला पहिल्या पावसापर्यंत हात लावायचा नाही, असं ठरलं. कोठीची किल्ली आता त्या दोघींकडेच आहे, एकत्र गेल्याशिवाय उघडत नाही.