डोंबाऱ्याची दोरी आणि सर्कशीचा झुला

गांवाबाहेरच्या माळावर सर्कशीचा तंबू उभा राहूं लागला म्हणजे पहिला खेळ होण्याच्या आधींच एक फुकटचा खेळ सुरू होत असे. मोठाले खांब उभे करणें, त्यांना चारी बाजूंनीं ताण देणें, घणाच्या ठोक्यांनीं लोखंडी मेखा जमिनींत उतरविणें, जाड कापडाचें तें अवाढव्य छत दोरांनीं हळूहळू वर चढविणें, हें सारें पाहण्यासाठीं मुलें शाळा बुडवून जमत आणि त्यांना घरीं न्यावयास आलेलीं वडील माणसेंही तेथेंच घोटाळत. मग बेंडाची गाडी गांवांतून फिरे, रंगीत कागदांवरच्या जाहिराती वाटल्या जात, आणि रात्रीं बत्त्यांच्या लखलखाटांत तिकिटाच्या खिडकीपाशीं रेटारेटी होई. खुर्चीवाले पुढें, बांकांवरचे मागें, फळ्यांच्या चढत्या पायऱ्यांवर बसणारे त्याहून मागें. नाटकाला न जाणारा शेतकरी आणि नाटकाशिवाय दुसरें कांहीं पाहण्यास तयार नसणारा वकील हे दोघे एकाच छताखालीं एकाच वेळीं श्वास रोधून बसल्याचें दृश्य सर्कशीखेरीज फारसें कोठें दिसत नसे.

या थाटामाटांत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नसे. तंबूच्या आंत ज्या कसरतीसाठीं रोख पैसे मोजले जात, तिच्यांतील पुष्कळसा भाग त्याच गांवच्या वेशीपाशीं, मारुतीच्या देवळासमोर, डोंबाऱ्यानें अनेकदां दाखविलेला असे. दोन बांबूंच्या कात्र्या, त्यांच्यामध्यें ताणलेली दोरी, खालीं ढोल वाजविणारा बाप आणि वर हातांत आडवी काठी घेऊन चालणारी आठनऊ वर्षांची पोर. कोलांट्या, उलट्या उड्या, बांबूच्या टोकावर पोट टेकून गरगर फिरणें, हें सर्व त्यांत होतें. ढोलाचा आवाज ऐकून लोक धांवत येत. आणि खेळ संपत आला, थाळी फिरण्याची वेळ झाली, कीं मागच्या रांगेंतील माणसें हळूच काढता पाय घेत.

डोंबारी आणि सर्कस यांच्यांतील खरें अंतर तें हेंच. डोंबाऱ्याचा खेळ आधीं व पैसा मागून. सर्कशीचा पैसा आधीं व खेळ मागून. पहिल्या व्यवहारांत देणारा दाता ठरतो व घेणारा याचक. दुसऱ्यांत देणारा गिऱ्हाईक ठरतो व घेणारा कलावंत. शरीर तेंच, धोकाही तोच, किंबहुना डोंबाऱ्याच्या पोरीचा धोका अधिक. परंतु तिला मिळे ती भीक, आणि तंबूंतील मुलीला मिळे ती टाळी. सरकार तर याच्याही पलीकडे गेलें होतें. गुन्हेगार जमातींचा जो कायदा १८७१ सालीं प्रथम उत्तर हिंदुस्थानासाठीं झाला आणि १९११ पासून देशभर लागू करतां येऊं लागला, त्यानें कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. गांवोगांव फिरून पोट भरणें हाच ज्या काळीं गुन्ह्याचा पुरावा मानला जात होता, त्याच काळीं गांवोगांव फिरणारी सर्कस मात्र राजेरजवाड्यांच्या आश्रयानें मिरवत होती.

सर्कस ही संस्था मूळची उड्यांची नव्हे, घोड्यांची. फिलिप ॲस्टले नांवाच्या एका निवृत्त इंग्रज घोडेस्वारानें १७६८ सालीं लंडनमध्यें घोडेस्वारीचे खेळ दाखविण्यास आरंभ केला. घोडा वर्तुळांत सारख्या वेगानें धांवत असला म्हणजे त्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या माणसाला आंतल्या बाजूस किंचित् झुकून तोल सांभाळणें सोपें जातें, हें त्याच्या कामीं आलें. रिंगणाचा व्यास ठरत ठरत ४२ फुटांवर आला व जगभर तेंच माप रूढ झालें. दोन घोडदौडींच्या मधला वेळ रिकामा जाऊं नये म्हणून ॲस्टलेनें दोरीवर चालणारे, कोलांट्या मारणारे व विदूषक आणून बसविले. म्हणजे आज ज्याला सर्कशीचा प्राण समजतात ती कसरत तेथें प्रथम शिरली ती केवळ भरतीचा माल म्हणून.

महाराष्ट्रांतही सर्कस आली ती घोड्यावर बसूनच. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे आजच्या सांगली जिल्ह्यांतील अंकलखोपचे. तरुणपणीं ते ग्वाल्हेरीस गेले आणि तेथें त्यांनीं दोन विद्या एकदम हस्तगत करण्याचा उद्योग मांडला. बाबासाहेब आपटे यांच्याकडे घोडे शिकविण्याची व हद्दूखां यांच्याकडे गाण्याची. पुढें कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरीं ते अश्वशिक्षक म्हणून राहिले. १८७९ च्या सुमारास ज्यूसेपे किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली होती. हिंदी लोकांना स्वतःची सर्कस उभारण्यास अद्याप पुष्कळ वर्षें लागतील, अशा अर्थाचे उद्गार किआरिनीनें काढले आणि छत्र्यांनीं तें आव्हान म्हणून उचललें, अशी हकीकत सर्कसवाल्यांच्या पिढ्यांतून चालत आलेली आहे. १८८० च्या मार्च महिन्यांत कुरुंदवाडच्या राजवाड्यांत निवडक मंडळींसमोर त्यांनीं आपला पहिला खेळ केला. सर्कशीचें नांव मात्र ‘ग्रेट इंडियन सर्कस’ असें अस्सल इंग्रजी ठेवलें.

या नांवाला हंसणें सोपें आहे. परंतु इंग्रजी नांव, इंग्रजी बेंड, जरीच्या तुमानी आणि चाबकाचा तो साहेबी कडकडाट यांच्या आड छत्र्यांनीं एक मोठी गोष्ट साधली. परदेशी माणसाच्या तंबूंत हिंदी प्रेक्षक विस्मित होऊन बाहेर पडे. छत्र्यांच्या तंबूंत तो विस्मित होई आणि शिवाय ताठ मानेनें बाहेर पडे. त्यांच्या पाठोपाठ सांगलीच्या आसमंतांत देवल, कार्लेकर यांसारख्यांच्या सर्कशी निघाल्या, त्या केवळ नफ्याच्या आशेनें निघाल्या असें मानणें कठीण आहे. बंगाल्यांत प्रियनाथ बोस यांनीं १८८७ सालीं उभारलेल्या सर्कशीमागेंही हीच ईर्ष्या होती.

विष्णुपंतांच्या गाण्याच्या नादाची एक हकीकत येथें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्यांच्या गुरूचे पुत्र रहिमतखां हे विपन्नावस्थेंत काशीस भटकत असतांना विष्णुपंतांनीं त्यांना शोधून काढलें, आपल्याजवळ ठेविलें आणि सर्कशीच्या मुक्कामांबरोबर त्यांच्या गाण्याच्या बैठकी करविल्या. वाघसिंहांच्या पिंजऱ्यांच्या सोबतीनें ख्यालगायकी हिंडली, ती अशी. रहिमतखां शेवटीं कुरुंदवाडींच स्थायिक झाले व १९२२ सालीं तेथेंच वारले.

पण छत्र्यांच्या रिंगणांतील घोड्यांची व्यवस्था उत्तम असली, तरी रिंगणाच्या वरची हवा अजून रिकामी होती. सर्कशीचें लक्ष युरोपांत तेव्हां जमिनीवरून वर गेलेलें होतें. तूलूझचा झ्यूल लेओतार हा आपल्या बापाच्या व्यायामशाळेंतील तलावावर झुले टांगून एकावरून दुसऱ्यावर झेप घेण्याचा सराव करीत असे. चुकलें तर खालीं पाणी होतें. १२ नोव्हेंबर १८५९ रोजीं पॅरिसमध्यें त्यानें तो खेळ लोकांसमोर केला आणि उडत्या झुल्याचा जन्म झाला. असा खेळ करावयाचा तर त्यासाठीं लहानपणापासून कमावलेलीं अंगें हवींत. महाराष्ट्रांत मल्लखांब होता, तालमी होत्या. तथापि सर्कशीला माणसांचा न आटणारा झरा सांपडला तो दूर मलबारांत.

छत्र्यांची सर्कस फिरत फिरत तेल्लिचेरीस गेली, तेव्हां तेथें कीलेरी कुञ्ञिक्कण्णन् नांवाचे कळरी व कसरत शिकविणारे शिक्षक होते. कळरी म्हणजे मलबारची युद्धविद्येची शाळा. तिच्यांत शस्त्राच्या आधीं शरीर येतें. तेलानें अंग मर्दून, पाय आकाशाकडे फेंकून, जमिनीसरपट बसून सांधा न् सांधा मोकळा करावयाचा, आणि मगच काठीला हात लावावयाचा. सर्कशीला हवें तें सारें या शाळेंत अगोदरच होतें. नव्हता तो फक्त तंबू. छत्र्यांच्या भेटींतून कुञ्ञिक्कण्णन् यांनीं सर्कशीसाठीं मुलें तयार करण्यास आरंभ केला, आणि १९०१ सालीं तेल्लिचेरीजवळ चिरक्करा येथें खास सर्कशीची शाळाच काढली. त्यांच्या शिष्यांपैकीं परियाली कण्णन् यांनीं १९०४ सालीं मलबारची पहिली सर्कस उभारली. दुसरा एक शिष्य ‘कण्णन् बोम्बायो’ या नांवानें युरोप-अमेरिकेंत दोरावरच्या उड्यांसाठीं विख्यात झाला. हिंदी सर्कस म्हणजे मलबारी माणसें असें समीकरण पुढें होऊन बसलें. परंतु कुरुंदवाडची पागा व तेल्लिचेरीची कळरी यांची गांठ पडली नसती, तर दोहोंपैकीं एकही एवढी दूर गेली नसती.

उडता झुला हा सर्कशीचा शेवटचा खेळ राखून ठेवण्याची चाल पडली, तिला कारण आहे. तंबूच्या शेंड्याजवळ दोन झुले. एकावर झेलणारा गुडघे अडकवून उलटा लोंबतो. दुसऱ्याच्या बाजूस लहानशा फळीवर उडणारे उभे असतात. झुल्याच्या हेलकाव्याला लागणारा वेळ मुख्यतः दोराच्या लांबीवर अवलंबून असतो, माणसाच्या वजनावर नाहीं. म्हणून एक धिप्पाड गडी आणि एक सडपातळ मुलगी यांचे झुले एकाच तालांत बांधतां येतात. उडणारी मुलगी आपल्या झुल्याच्या उंच टोकाला हात सोडते. त्या टोकाला क्षणभर वर जाणें संपलेलें असतें व खालीं येणें सुरू झालेलें नसतें. त्या उसन्या क्षणांत तिला कोलांटी पुरी करून हात पसरावयाचे असतात. झेलणारा तिचे पंजे धरीत नाहीं, मनगटें धरतो, आणि तीही त्याचीं मनगटें धरते. एकाची पकड निसटली तरी दुसऱ्याची राहावी म्हणून. पावडर लावून हात कोरडे करणें, खालून दिलेली हांक, बेंडाचा अचानक थांबणारा सूर, यांपैकीं कांहींच केवळ दिखाऊ नसतें.

अशा वेळीं प्रेक्षक काय करतो? तो वर पाहतो, आणि त्याचे हात नकळत बांकाची कड घट्ट धरतात. ती पडावी असें त्याच्या मनांत खचित नसतें. पण ती पडणें अगदींच अशक्य असतें, तर तो येथें आलाही नसता. सर्कसवाले हें पुरतें ओळखून असतात. म्हणूनच मुरलेले खेळाडू कधीं कधीं पहिली झेप मुद्दाम चुकवितात, जाळींत कोसळतात, तंबूभर हाय हाय होते, आणि दुसऱ्या खेपेस तीच झेप साधली म्हणजे टाळ्यांना दुप्पट जोर येतो. जाळीवरही विसंबून चालत नाहीं. तिच्यावर पाठ टेकूनच पडावें लागतें. पाय आधीं लागले तर ती माणसाला भलतीकडे उडवून देते. सर्कशींत उडण्याच्या आधीं पडणें शिकवितात, तें याच कारणासाठीं.

घोडे व श्वापदें यांचें युगही वैभवाचें होतें. पुण्यास १९०२ सालीं जन्मलेले दामू धोत्रे मामाच्या सर्कशींत सायकलच्या कसरतीपासून सुरुवात करून १९४० सालीं अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशींत वाघबिबट्यांचे शिक्षक म्हणून दाखल झाले, ही गोष्ट महाराष्ट्रानें अभिमानानें जपलेली आहे. पण तें युग संपलें. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांचे खेळ करण्यास सरकारनें १९९८ सालीं मनाई केली व २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम ठेविली. मुक्या जनावरांच्या वतीनें हें झालें तें योग्यच झालें. तंबूंतून पिंजरे गेले. ज्यांना ॲस्टलेनें रिकामा वेळ भरण्यासाठीं आणलें होतें, ते दोरावरचे व झुल्यावरचे लोक तेवढे उरले, आणि सारा खेळ त्यांच्याच अंगावर येऊन पडला.

तथापि त्यांच्याविषयींचा प्रश्न वाघाच्या प्रश्नाहून अवघड होता. पाठीचा कणा कमानीसारखा वांकवावयाचा तर तो कोंवळा असतांनाच वांकवावा लागतो, असें सर्कसवाले पिढ्यान् पिढ्या मानीत आले. म्हणून गरिबांचीं मुलें लहानपणींच तंबूंत येत, आणि पुढें तर नेपाळच्या डोंगराळ भागांतूनही आणलीं जात. त्यांना कोणी आणलें, तीं परत कधीं जाणार, त्यांच्या नांवें कोणी कागदावर अंगठा उठविला, हें खुर्चीवरच्या प्रेक्षकानें कधीं विचारलें नाहीं. त्यानें तिकीट काढलें होतें व तेवढ्यानें हिशेब मिटला अशी त्याची समजूत होती. थाळी चुकवून पळणारा निदान आपण देणें बुडविलें हें जाणून तरी होता. २०११ च्या एप्रिलमध्यें सर्वोच्च न्यायालयानें सर्कशींत मुलांना कामास लावण्यास बंदी केली. त्यावर, आतां नवे खेळाडू तयार होणार कसे, असा सवाल कित्येक सर्कसमालकांनीं केला. सवाल खोटा नव्हता. परंतु त्यांत मुलांची बाजू कोठेंच नव्हती.

आतां सर्कशी थोड्याच उरल्या आहेत. शहरांतलीं मैदानें मिळत नाहींत, मिळालीं तर भाडें परवडत नाहीं. डोंबाऱ्याचा खेळ मात्र बाजाराच्या दिवशीं, यात्रेंत, एखाद्या रहदारीच्या चौकाच्या कडेला अजूनही दृष्टीस पडतो. दोन बांबूंच्या कात्र्या, मध्यें दोरी, वर आडवी काठी धरून चालणारी मुलगी. दोरी फार उंच नसते, आणि खालीं जाळी नसते. या टोकाहून त्या टोकापर्यंत ती चालत जाते, तेथें वळते, परत येते. ढोल थांबला कीं खालीं उतरते आणि थाळी उचलून गर्दीकडे येऊं लागते.