महागडी गाडी, अशील आणि जात : इतिहास काय सांगतो?

आपल्या समाजातला तरुण वकिलीत, डॉक्टरकीत, विम्याच्या किंवा बांधकामाच्या धंद्यात उतरला की एक सल्ला त्याला हमखास मिळतो. "आधी गाडी बदल. दुचाकीवर फिरणाऱ्याला मोठं काम कोण देणार?" मग कमाईचा जम बसण्याआधीच पाच-सात वर्षांचा हप्ता मागे लागतो. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो, तेव्हा असे हप्ते फेडणारे तरुण आम्हाला नेहमी भेटतात. त्यांची टिंगल करण्यासाठी हा लेख नाही. महागडी गाडी पाहून अशिलाचे आपल्याविषयीचे मत बदलते का, आणि बदलत असेल तर किती, एवढाच आमचा प्रश्न आहे. याचे उत्तर गाडी विकणाऱ्यापेक्षा आपला इतिहास अधिक प्रामाणिकपणे देतो.

वरच्या सल्ल्यात काहीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. अशिलाला कायद्यातले कळत नसते, म्हणून तर तो वकिलाकडे येतो. वकिलाची विद्वत्ता त्याला मोजता येत नाही, मग तो डोळ्यांना दिसते ते मोजतो : कपडे, ऑफिस, गाडी. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच दाखवून दिले की माणसे अनेक महाग वस्तू उपयोगासाठी घेत नाहीत, प्रतिष्ठा दाखवण्यासाठी घेतात. पण भारतात वस्तू आणि प्रतिष्ठा यांच्यामध्ये एक पहारेकरी उभा असतो. त्याचे नाव जात. हा पहारेकरी काय करतो, ते बाबासाहेबांच्या आयुष्यात पाहू.

१९०१ सालची गोष्ट. लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरला. मुलांच्या अंगावर चांगले कपडे होते. ते पाहून स्टेशन मास्तरला ही मुले ब्राह्मणांची वाटली आणि त्याने आपुलकीने चौकशी केली. "आम्ही महार आहोत," असे उत्तर मिळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. म्हणजे कपड्यांनी काम केले, पण जात कळेपर्यंतच. भाड्याचे पैसे गाडीवानाला चालले, प्रवासी चालला नाही.

आता व्यवसायाकडे येऊ. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला दुसरा सल्लागार या शहरात सहज मिळाला नसता. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी आधी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. मात्र त्यांची व्याख्याने ऐकल्यावर इतर कॉलेजांचे विद्यार्थीही वर्गात येऊन बसू लागले. त्याच कॉलेजात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहा. ज्यांना ज्ञानाची गरज होती त्यांचे मत ज्ञानाने बदलले, आणि ज्यांना फक्त आपला वरचा दर्जा जपायचा होता त्यांचे मत कशानेही बदलले नाही.

१९२३ साली बाबासाहेबांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. बॅरिस्टर, लंडनचे डी.एस्सी. एवढ्या पदव्या, तरी कामे मिळेनात. याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी हायकोर्टाच्या मूळ शाखेत अशील थेट बॅरिस्टरकडे जात नसे. काम सॉलिसिटरच्या हातून येई, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देईनात. बाबासाहेब मोठ्या मोटारीतून कोर्टात उतरले असते, तर हे दार उघडले असते काय? अडचण अशिलाच्या डोळ्यांत नव्हती, मधल्या दलालीत होती. आजही सरकारी वकिलांचे पॅनेल, बँकांचे आणि कंपन्यांचे पॅनेल, ठेक्यांच्या याद्या कोण ठरवतो, हे पाहा. तिथे ओळखीपाळखी आणि आडनावे बोलतात. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, तरी दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी असते, असे त्यात दिसून आले. अर्जाला ना चेहरा होता ना गाडी, फक्त आडनाव होते.

मग बाबासाहेबांची वकिली चालली कशी? ते जिल्हा कोर्टांत गेले, लहान खटले घेतले आणि घर चालवण्यासाठी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' पुस्तिकेच्या खटल्यात जेधे, जवळकर आदी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची बाजू त्यांनी पुण्यात मांडली आणि आरोपींना अपिलात सोडवले. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'चे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकील बाबासाहेबच होते. तो खटला ते हरले, पण जन्माने ब्राह्मण असलेला माणूस अडचणीच्या वेळी आपली बाजू त्यांच्या हाती सोपवतो, याचा अर्थ स्पष्ट आहे. हा विश्वास खटल्यांतल्या कामाने कमावलेला होता.

तरीही मान मिळाला म्हणून जात सुटली नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये मुंबई सरकारच्या चौकशी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यात नेण्यासाठी एकही टांगेवाला महार प्रवाशाचा टांगा हाकायला तयार होईना. पाहुण्याला पायी न्यायचे नाही, म्हणून लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि सवय नसलेल्या माणसाने तो हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर आपटले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. बॅरिस्टर असो की सरकारी समितीचा सदस्य, टांगेवाल्याच्या लेखी तो अस्पृश्यच, आणि टांगेवाला स्वतःला त्याच्याहून वरचा समजतो. या प्रसंगातला हा धडा बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला.

याच्याही पुढची गोष्ट अशी की आपल्या माणसाकडे चांगली वस्तू दिसली की कित्येकदा मान वाढण्याऐवजी राग वाढतो. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी याची उदाहरणे दिली आहेत. इंदूरकडच्या बलाईंना जरीकाठी पागोटे बांधायला सवर्णांनी मनाई केली. गुजरातेत झानू गावी अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी जेवणाच्या पंगतीत तूप वाढले म्हणून मारहाण झाली. पागोटे, भांडे, तूप : विकत घेतलेल्या या वस्तूंनी प्रतिष्ठा आणली नाही, मार आणला. हे जुने झाले असे म्हणणाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या कासगंजचे प्रकरण आठवावे. एका दलित नवरदेवाला ठाकुरांच्या गावातून वरात न्यायची होती, त्यासाठी तो हायकोर्टापर्यंत गेला. जुलै २०१८ मध्ये ती वरात निघाली, पण पोलीस बंदोबस्तात.

यावर कोणी म्हणेल, मग आपण साधेच राहावे का? मुळीच नाही! साधेपणाचे हे प्रवचन आपल्याला नेहमी तेच देतात, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सगळे भरलेले असते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की जातीची ओळख पटवणारे जड दागिने टाका आणि लुगडे नीट, पायघोळ नेसा. ते स्वतः सूट घालत. पण त्या दिवशी महाडला बायकांनी लुगडे बदलले, ते सवर्णांना खूश करण्यासाठी नव्हे. लादलेली खूण त्यांनी अंगावरून उतरवली. आपल्या मनाच्या प्रतिष्ठेसाठी आणि कुटुंबाच्या सोयीसाठी गाडी घेणे हा आपला हक्क आहे. कोणाच्या नजरेत भरण्यासाठी कर्ज काढणे ही मात्र नवी गुलामी आहे, तीही व्याजासकट.

आणि आपला अशील कोण, हाही विचार करा. ॲट्रॉसिटीची तक्रार घेऊन येणारी शेतमजूर बाई, सफाई कामगार, नोकरीतून काढलेला कंत्राटी कामगार. दारात मोठी गाडी दिसली की यांतले काही जण 'साहेबांची फी आपल्याला झेपणार नाही' म्हणून परत जातात. हे लोक आमच्याशी येऊन बोलतात, म्हणून आम्ही खात्रीने सांगतो. ज्या सवर्ण अशिलासाठी गाडी घेतली तो आडनाव वाचून थबकतो आणि जो विश्वासाने आला होता तो गाडी पाहून बिचकतो. हप्ता मात्र दर महिन्याला थांबत नाही.

म्हणून मित्रांनो, कमाईचा पहिला पैसा पुस्तकांवर, अभ्यासावर आणि अशिलाला निवांत बसता येईल अशा जागेवर खर्च करा. काम देणाऱ्या मधल्या साखळ्या आपल्या हातात नसतील तर आपल्या साखळ्या उभ्या करा. आपल्या डॉक्टरने आपल्या वकिलाचे नाव सुचवावे, आपल्या वकिलाने आपल्या सनदी लेखापालाचे. पॅनेलवरच्या नेमणुका कशा होतात, हे माहितीच्या अधिकारात विचारा आणि त्यासाठी संघटितपणे भांडा. गाडी परवडेल तेव्हा खुशाल घ्या, ऐटीत चालवा, पण आपली किंमत तिच्या किमतीवरून ठरू देऊ नका.

जयभीम!