पैसा, तंत्र आणि काही घाईचे निष्कर्ष

पैशाच्या इतिहासाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाजवळ एक तयार गोष्ट असते. आधी वस्तूंची अदलाबदल होती, मग नाणी आली, मग नोटा, आता फोन. आणि प्रत्येक पायरीवर मागची पायरी मोडीत निघाली. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये या गोष्टीच्या पहिल्या भागाला प्रतिष्ठा दिली. मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की निव्वळ अदलाबदलीवर चालणाऱ्या समाजाचे वर्णन कुणीच केलेले नाही. मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये. लोहाराने वर्षभर फाळ पाजवायचे आणि सुगीला खळ्यावरून बलुते न्यायचे, यात हातोहात अदलाबदल कुठे आहे? ते वर्षभर चालणारे येणे-देणे होते. अर्थात, त्या हिशेबात जातीची उतरंडही होती आणि आपले येणे मागण्याची ताकद सर्वांची सारखी नव्हती, म्हणून त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही.

दुसरा गैरसमज मला अधिक रंजक वाटतो. फोनवरून पैसे 'पाठवले' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात जात काहीच नाही. बँकांच्या खात्यांत आकडे बदलतात आणि बँकांचे आपसांतले देणे ठरावीक वेळांनी रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर फिटते. पुण्याच्या सावकाराने सुरतेच्या पेढीवर हुंडी, म्हणजे पैसे देण्याची लेखी आज्ञा, लिहिली की असेच काहीसे होई. रुपयांची थैली वाटेला लागत नसे, दोन पेढ्यांच्या वह्यांत जमा-नावे होई. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच मिळत. आज 'शहाजोगपणा' या शब्दाला जो खवचट वास आहे, तो या पतदारांच्या अनुभवातून आला असावा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यात पुरावा कमी आणि गंमत जास्त. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' लिहून देत, तीही हरवली तर 'परपेठ'.

मग नवे काय? वेग तर आहेच. पण मोठा फरक आत कोणाला प्रवेश आहे, हा. भाजीवालीला हुंडी कुणी लिहून दिली नसती; तिच्या पाटीशेजारी आज क्यूआर कोडचा फलक उभा असतो. आणि खर्च? हुंडीवरची दलाली, म्हणजे हुंडणावळ, उघड घेतली जाई. यूपीआयवर दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य झाले, म्हणून आपण त्याला फुकट म्हणतो. खर्च संपलेला नाही. तो बँकांवर आणि सरकारी अनुदानातून करदात्यांवर गेला आहे.

'रोकड संपत चालली' हे विधानही जपून करावे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन लोकांत फिरत होते. मार्च २०२३ अखेर ते ३३ लाख कोटींच्या पुढे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यूपीआयच्या व्यवहारांच्या संख्येने महिन्याला १००० कोटींचा आकडा ओलांडला. दोन्ही वाढले. अर्थव्यवस्थाही वाढली, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडून पाहिले तर रोकडीचे प्रमाण २०२३ मध्ये पुन्हा पूर्वीच्याच आसपास, बाराएक टक्क्यांवर आलेले दिसत होते. नोट खर्चायला लागते तशी डब्यात ठेवायलाही लागते, आणि फोनने पहिले काम हलके केले, दुसरे नाही.

पैशाच्या इतिहासाच्या अभ्यासात यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आकडे वाचण्याची सवय असेल आणि थोडी मोडी लिपी येत असेल तर उत्तम. जुन्या पेढ्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या मोडीत आहेत. तुमच्या घरी माळ्यावर अशी एखादी वही असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी मोडी जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा.