पगार, वतन आणि आज्ञापत्र

मी शाळेत फारसा टिकलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत. म्हणून राज्यकारभाराचा कोणताही ग्रंथ हाती आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो : राबणाऱ्याला पैसे कोण देतो आणि कशातून देतो?

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तीत तो सांगतो की, शिवाजी महाराजांनी शिपायांना गावे तोडून दिली नाहीत. पगाराची वरात खजिन्यावर असे. देशमुखांचे हुडे पाडले, त्यांचे हक्क बांधून दिले. पागेतला घोडा सरकारचा, वर बसणारा बारगीर. गाव हाती आले की माणूस रयतेचा धनी होऊन बसतो. रोख पगार घेणारा चाकरच राहतो. जर्मन पंडित मॅक्स वेबर याने नोकरशाहीचे हेच लक्षण सांगितले : रोख वेतन, आणि पद म्हणजे मालमत्ता नव्हे. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९२० नंतर, निघाला. पण आपण आधीच शहाणे होतो अशी टिमकी मी वाजवणार नाही, कारण आपली शिस्त टिकली नाही.

ती मोडली कशी? १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीकडे गेले. इकडे मुलूख रामचंद्रपंत अमात्यांच्या हवाली. खजिना रिता, आणि औरंगजेब तर वतने दाखवून माणसे फोडीत होता. मग आपल्याकडूनही सनदा सुटल्या. जो मुलूख अजून शत्रूच्या हाती होता तोही वाटून झाला. लढा त्यावर तगला. पंतांना दोष देणे सोपे आहे. पगाराच्या दिवशी रिकामी पेटी ज्याने पाहिली आहे, तो देणार नाही.

त्याच पंतांनी १७१५ मध्ये, कोल्हापूरकर संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत, आज्ञापत्र लिहिले. त्यात वतनदारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. हे लोक म्हणजे लहानसे राजेच. परचक्र आले की वतनाच्या लोभाने आधी शत्रूला जाऊन मिळणारे. त्यांना मोडू नये, मोकळेही सोडू नये. चाकरीबद्दल जमीन तोडून देऊ नये, त्याने राज्यच उणे होते, असेही बजावले आहे. हे कोणा पोथीपंडिताचे बोल नव्हेत; पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला स्वतः सनदा द्याव्या लागल्या त्याचे आहेत.

एकदा एका कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीपटावर ४० नावे होती. आत मोजली तर माणसे ३१. त्या रात्री मी आज्ञापत्राचे ते प्रकरण पुन्हा काढले. ठेका आणि वतन एक नव्हे, हे मला कळते. पण दोन्हींत मधला माणूस धनी होतो, आणि राबणाऱ्याचा हिशेब त्याच्याच खिशात राहतो.

आपल्याकडे परगणा व कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महसुली पाटलाचे पद १९६२ च्या. त्यानंतर गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले.