भर उन्हाळ्यात कॉम्प्युटर अचानक बंद का पडतो? मदरबोर्ड पंखा आणि वीज कशी सांभाळतो, समजून घ्या

छत्रपती संभाजीनगरमध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास असतो. याच दिवसांत प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म भरण्याची धावपळ सुरू होते. सिडको-हडकोतलं सेवा केंद्र असो की औरंगपुऱ्यातलं झेरॉक्सचं दुकान, दुपारी रांग लागलेली असते. फॉर्म भरत आलेला असतो आणि अचानक स्क्रीन काळी होते.

अशा वेळी 'कॉम्प्युटर जुना झालाय' असं म्हटलं जातं. पण बऱ्याचदा कारण असतं उष्णता किंवा वीज. या दोन्हींवर लक्ष ठेवण्याचं काम मदरबोर्ड करतो. ते कसं, ते पाहूया.

मदरबोर्डला तापमान कसं कळतं?

प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे सेन्सर असतात. मदरबोर्डवरही काही ठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. बोर्डवरची एक छोटी चिप ही आकडेवारी सतत वाचते आणि पंख्याचा वेग ठरवते. विंडोज सुरू होण्याआधीही हे काम चालू असतं.

किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरवायचा, याचं कोष्टक बायोसमध्ये असतं. त्याला 'फॅन कर्व्ह' म्हणतात. उदाहरणार्थ, ५० अंशांपर्यंत ४० टक्के वेग, ७० अंशांना ७० टक्के आणि ८० च्या पुढे पूर्ण वेग.

तीन पिन आणि चार पिनमध्ये फरक काय?

कॅबिनेटच्या पंख्याची वायर नीट पाहिली तर तिला तीन किंवा चार पिन दिसतील. दोन पिन १२ व्होल्ट विजेच्या आणि तिसरी पंखा किती वेगाने फिरतोय ते सांगणारी. पंख्याच्या प्रत्येक फेरीला या तारेवरून साधारणपणे दोन ठोके जातात. ते मोजून बोर्ड वेग काढतो.

तीन पिनच्या पंख्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करावं लागतं. ते फार कमी झालं तर पंखा थांबतो. चार पिनच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात. चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंदचा इशारा जातो. त्यात 'चालू'चा वाटा जितका जास्त, तितका वेग जास्त. यालाच 'पीडब्ल्यूएम' म्हणतात.

तीन पिनचा पंखा चार पिनच्या जागी बसतो. पण बायोसमध्ये मोड 'पीडब्ल्यूएम'वरच राहिला, तर तो सतत पूर्ण वेगाने फिरत राहतो. 'पंखा फार आवाज करतो' या तक्रारीमागे कधीकधी एवढंच कारण असतं. मोड 'डीसी' केला की आवाज कमी होतो.

हिवाळ्यातलं सेटिंग मे महिन्यात का चालत नाही?

पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त आतली उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो.

समजा, ठराविक वेगाने पंखा फिरत असताना प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो. जानेवारीत खोली २२ अंशांवर असेल तर प्रोसेसर ६७ अंशांवर राहील. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की तोच प्रोसेसर ८५ अंशांवर जाईल. त्यात जाळीवर धूळ साचलेली, थर्मल पेस्ट वाळलेली आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवलेलं असेल, तर हा आकडा आणखी वर जातो.

अनेक प्रोसेसरसाठी मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे कॉम्प्युटर रखडायला लागतो. तरीही तापमान वाढतच राहिलं तर तो थेट बंद होतो. हा बिघाड नसतो, प्रोसेसर जळू नये म्हणून केलेली सोय असते.

लाईट गेली की काय होतं?

आपल्याकडे विजेची एक आवर्तनं २० मिलीसेकंदांची असते. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलीसेकंद तग धरतो. तेवढ्या वेळात यूपीएसने भार घेतला नाही, तर कॉम्प्युटर बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. घरातल्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये तो बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो.

आणखी एक गैरसमज 'स्लीप'बद्दल आहे. कॉम्प्युटर कोणत्या अवस्थेत किती वीज घेईल, याचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये 'एसीपीआय' या नावाने आणले. त्यातल्या तीन अवस्था रोजच्या कामाच्या आहेत:

- स्लीप (एस ३): काम रॅममध्ये राहतं आणि रॅमला वीज लागते. लाईट गेली तर सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं.
- हायबरनेट (एस ४): काम डिस्कवर लिहिलं जातं. लाईट गेली तरी ते सुरक्षित राहतं.
- शटडाऊन (एस ५): सगळं बंद. तरीही बटण चालू असेपर्यंत बोर्डला ५ व्होल्टची थोडी वीज मिळत राहते. म्हणूनच बंद कॉम्प्युटरच्या बोर्डवरही कधीकधी दिवा दिसतो.

लाईट परत आल्यावर काय करायचं, हेही बायोसमध्ये ठरवता येतं. सीसीटीव्ही किंवा बिलिंगचा कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायला हवा असेल तर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय शोधा. नाव बोर्डनुसार थोडं बदलतं.

उष्णता की वीज, कसं ओळखायचं?

आधी कॉम्प्युटर रखडला, पंखा जोरात फिरला आणि मग बंद पडला, तर संशय उष्णतेवर घ्या. काहीच लक्षण नसताना, दिवे लुकलुकले आणि तो रीस्टार्ट झाला, तर आधी यूपीएसची बॅटरी तपासा. सुरू होताना 'सीपीयू फॅन एरर' दिसत असेल तर पंख्याच्या वेगाचे ठोके बोर्डपर्यंत पोहोचत नाहीत. पंखा अडकलाय किंवा वायर चुकीच्या जागी आहे. एफ १ दाबून पुढे जाण्याआधी ते पाहा.

उन्हाळ्याआधी एवढं करा

- प्लग काढून धूळ साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.
- कॅबिनेटच्या मागे वितभर तरी जागा सोडा.
- प्रोसेसरच्या पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावा.
- फॅन कर्व्ह 'सायलेंट'वर असेल तर उन्हाळ्यापुरता 'स्टँडर्ड' करा.
- कूलरमुळे खोली थंड होते, त्याचा फायदा होतोच. पण त्याचा दमट झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओलाव्याने धूळ घट्ट चिकटते.

आणि फॉर्म भरताना प्रत्येक पानावर 'सेव्ह' दाबायला विसरू नका. मदरबोर्ड प्रोसेसरला वाचवतो, तुमचा अर्धवट फॉर्म नाही.