वसईचा किनारा : भूमी, राज्ये आणि माणसे

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील तरुणांना घेऊन मी वसईचा किल्ला पाहावयास गेलो होतो. पडक्या चर्चच्या फरशीत बसविलेल्या थडग्यांच्या शिळांवरील पोर्तुगीज अक्षरे न्याहाळीत असता एका मुलाने विचारले, “फादर, हे सारे आपल्याच लोकांचे ना?” मी तेव्हा उत्तर टाळले. प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येण्याजोगे नव्हते. ते देण्याचा हा प्रयत्न.

प्रथम भूमी पाहू. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आणि पश्चिमेस अरबी समुद्र, अशा चौकटीत वसईचा प्रदेश बसलेला आहे. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत थोडे खणले की गोडे पाणी लागे. म्हणून येथे विहिरींवर रहाट फिरले आणि केळी, पानवेली, भाजीपाला व फुले यांच्या वाड्या उभ्या राहिल्या. भरतीचे पाणी जेथे शिरे तेथे बांध घालून भात पिकविले गेले, अथवा मिठागरे झाली. खाडीने आत गेले की ठाणे व कल्याण ही बंदरे, आणि तेथून घाटवाटांनी देशावरील बाजारपेठा. ज्याच्या हाती खाडीचे मुख, त्याच्या हाती जकात! या प्रांताचा अर्धाअधिक इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे.

आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना स्तूप आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे 1956 साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक नाविकाने ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात सोपारा व कल्याण ही दोन्ही नावे येतात. कल्याण बंदरात ग्रीक जहाज शिरलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असेही तो नमूद करतो. म्हणजे बंदरे कोणी चालवावी यावरून राज्यकर्त्यांमध्ये चाललेली ओढाताण तेव्हाही होतीच.

पोर्तुगीज आले ते याच जकातीच्या ओढीने. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश तहाने त्यांच्या स्वाधीन केला. मुंबईची बेटेही त्यातच आली. पुढे दमणपासून चौलपर्यंतच्या त्यांच्या मुलखाला ‘उत्तर प्रांत’ म्हणत आणि त्याची राजधानी वसई. आपले लोक त्यास फिरंगाण म्हणत.

या प्रांताचा कारभार पाहण्यासारखा आहे. नव्या धन्यांनी सुलतानी अमदानीतील परगणे व कसबे ही विभागणी बव्हंशी तशीच राखली. 1554 साली सिमाँव बोतेल्यु या अधिकाऱ्याने महसुलाची जी नोंदवही सिद्ध केली, तीत या परगण्यांची नावे व त्यांचे उत्पन्न आढळते. वर राज्याचा कप्तान, न्यायाधीश व खजिन्याचे अंमलदार. खाली गावचा जुना कारभार. मधल्या पायरीवर गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना ठरावीक वार्षिक साऱ्यावर दिलेली असत. या साऱ्यास ‘फोरो’ म्हणत. मुंबईतील ‘फोरास’ हा शब्द त्याचाच वंशज होय. चिखलात उभे राहून बांध घालणारा कुळंबी मात्र होता तेथेच राहिला. त्याच्या घामावर ती उंच घंटाघरे उभी राहिली, हे आपण विसरू नये.

आणखी एक गोष्ट धर्मगुरू या नात्याने मला सांगितली पाहिजे. या राजवटीत देवळे पाडली गेली, हिंदूंच्या जाहीर उत्सवांवर बंदी आली, अनाथ मुलांसंबंधी जाचक कायदे झाले. शुभवर्तमानाला तलवारीची सोबत मिळाली की त्यातील ‘शुभ’ झाकोळते. त्याच भूमीत संत गोन्सालो गार्सिया जन्मला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे, हाती कोणतीही सत्ता नसता, क्रुसावर प्राण देता झाला. दोन्ही गोष्टी आपल्याच वारशातील आहेत. एक मिरवावी आणि दुसरी लपवावी, हे सत्याला धरून होणार नाही.

1737 साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. शरणागतीच्या अटी उदार होत्या: शिबंदीला सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्माचरणाची मोकळीक मिळाली. किल्ल्यातील घंटा मात्र देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरी एक आहे. आम्हा बारामतीकरांना तर हा विजय घरचाच! चिमाजीअप्पांची भगिनी भिऊबाई ही बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांना दिलेली होती. आबाजींचे बंधू बाबूजी नाईक. त्यांच्याच आश्रयाने पुढे कवी मोरोपंत येथे राहिले.

नंतरचा क्रम थोडक्यात सांगतो. 1774 साली इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली. 1780 साली त्यांनी वसईही जिंकली. ती सालबाईच्या तहाने पेशव्यांना परत मिळाली. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले. अलीकडे, 1998 साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला, 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि 2014 साली हा तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला. महापालिकेत गावे घालण्यावरून मोठा संघर्ष झाला. त्याच्या मुळाशी जुनाच प्रश्न होता: विहिरीचे गोडे पाणी आणि वाडीची जमीन यांचा निर्णय कोणी करावयाचा?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. बाळा, किल्ला ज्यांचा होता ते 1739 साली गलबतांत बसून निघून गेले. मागे राहिले ते वाडवळ, सामवेदी, कोळी. त्यांच्यातील काही देवळात जात, काही चर्चमध्ये. पण बोली एकच, रहाट एकच, बांध एकच. आडनाव पोर्तुगीज असले तरी मायबोली मराठीच राहिली. आपले पूर्वज किल्ला सोडून जाणाऱ्यांत शोधू नकोस. बांध राखणाऱ्यांत शोध.

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावणारी भीमा पुढे आपल्या इंदापूरच्या कडेने वाहते. त्या डोंगरावरच्या घंटेचा नाद आज शिवमंदिरात होतो, याचे मला वैषम्य वाटत नाही. कोणे एके काळी ती वसईच्या माणसांना प्रार्थनेसाठी बोलावीत होती. आजही ती माणसांना प्रार्थनेसाठीच बोलावते.